बहात्तराव्या कलमाखाली दोन कागद

जुन्नरच्या आमच्या कॉलेजात मी अठ्ठावीस वर्षं अकरावी-बारावीला राज्यशास्त्र शिकवलं. विषय सोपा आहे, असं कुणीतरी सांगितलेलं असतं म्हणून मुलं तो घ्यायची. राष्ट्रपतींचा धडा आला की मी फळ्यावर तीनच आकडे लिहायची. त्रेपन्न, बहात्तर, चौऱ्याहत्तर. देशाच्या कारभाराचा अधिकार राष्ट्रपतींच्या ठायी आहे, हे त्रेपन्नावं कलम. तो अधिकार मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानंच वापरायचा, हे चौऱ्याहत्तरावं. आणि मधलं बहात्तरावं दयेचं. कोर्टानं दिलेली शिक्षा, अगदी फाशीसुद्धा, राष्ट्रपती माफ करू शकतात, कमी करू शकतात, थांबवू शकतात. मुलांच्या ध्यानात राहावं म्हणून मी एक वाक्य बनवलं होतं: "सगळं राष्ट्रपतींच्या नावानं, काहीच राष्ट्रपतींच्या मनानं नाही." मुलं हसायची आणि वहीत उतरवून घ्यायची. मलाही ते वाक्य फार आवडायचं.

कॉलेजच्या मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकाला एक बाई होत्या. मुली त्यांना मावशी म्हणायच्या म्हणून मीही मावशीच म्हणायची, खरं तर आम्ही वयानं बरोबरीच्या. त्या आंबेगाव तालुक्यातल्या, पार पश्चिमेकडच्या डोंगरातल्या. भात, नाचणी आणि हिरड्याच्या झाडांवर चालणारं घर. नवरा लवकर गेला, मूल झालं नाही, म्हणून घोडेगावातल्या कुणाच्या तरी ओळखीनं इकडे कामाला आल्या. बोलायच्या कमी. भाकरी मात्र अशी करायच्या की घरून रुसून आलेली मुलगीही पहिल्या आठवड्यात रुळायची.

एका दुपारी तास संपवून मी स्टाफरूममध्ये आले तर मावशी दारात उभ्या. हात पदराला पुसत म्हणाल्या, "बाई, एक अर्ज लिवायचा व्हता. राष्ट्रपतीला."

मला फार नवल वाटलं नाही. आमच्या भागात तलाठ्यानं ऐकलं नाही की माणसं थेट राष्ट्रपतींना पत्र टाकतात. धरणात गेलेली जमीन असो, नाहीतर वडिलांच्या नावातली चूक. मी विचारलं, "कशाबद्दल?"

"भावाच्या फाशीचं."

मी दार लावून घेतलं आणि त्यांना खुर्चीवर बसवलं. फाशी झालेला तो माणूस मावशींचा भाऊ आहे हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. प्रकरण मात्र सगळ्यांना माहीत होतं. त्याच्या नऊ वर्षं आधी नारायणगावच्या बाजूला, द्राक्षांच्या मळ्यातल्या एका घरात तिघं जण चोरीला शिरले होते. घरातली माणसं जागी झाली, आणि मालक, त्याची बायको आणि त्याची म्हातारी आई, तिघांनाही त्यांनी कोयत्यानं मारलं. तिघांतला एक जण त्याच मळ्यात काही महिने कामाला राहिलेला, घर माहीत असलेला. तोच मावशींचा भाऊ. दुसऱ्या दोघांना जन्मठेप झाली, याला फाशी. खालच्या कोर्टात झाली, हायकोर्टात कायम झाली, आता सुप्रीम कोर्टातही कायम झाली होती. राज्यपालांकडे केलेला अर्जही फेटाळला होता.

ती बातमी आली त्या दिवशी मी माझ्या घरी चहा पिता पिता म्हणाले होते, "असल्यांना फासावरच द्यायला पाहिजे." हे मला नीट आठवत होतं. आणि समोर मावशी बसल्या होत्या.

मी म्हणाले, "मावशी, हे काम वकिलाचं आहे. माझं नाही."

"वकिलांनी इंग्रजीत लिवून धाडलंय. सरकारनं फुकट दिल्याले वकील हायेत, चांगले हायेत. पन ते त्यांचं लिवनं. मला माझं लिवायचंय."

"काय लिहायचं?"

त्या खुर्चीत पुढे सरकल्या. मग म्हणाल्या, "त्यानं केलं न्हाई, असं लिवू नका. केलंय त्यानं. मी तोंडावर इचारलंय त्याला. आधी खोटं बोलला, मग रडला. राष्ट्रपतीला खोटं न्हाई लिवायचं."

मी कागद पुढे ओढला तो या एका वाक्यापायी.

दोन दिवस लागले. त्या सांगायच्या, मी लिहायची. आई मेली तेव्हा भाऊ दीड वर्षाचा होता आणि मावशी अकरा वर्षांच्या. भाताची आवणी, म्हणजे लावणी, चालायची तेव्हा त्याला पाठीला बांधून त्या चिखलात उतरायच्या. चौथीनंतर तो शाळेला गेला नाही. मोठा झाल्यावर डोंगर उतरून बागांच्या कामाला गेला आणि तिथं नको त्या माणसांत पडला. "मी त्याला सोडून सासरी गेले, तवा तो बारा वरसांचा व्हता. ते पन लिवा," त्या म्हणाल्या. मी म्हणाले, त्यात तुमचा काय दोष? त्या म्हणाल्या, "दोष न्हाई म्हनत मी. झालं ते सांगती."

शेवटी मी विचारलं, "मागायचं काय? सोडून द्या असं?"

"न्हाई, न्हाई. सोडू नका. आत ऱ्हाऊ द्या मरंस्तोवर. नुस्तं मारू नका, एवढंच."

उत्तराचा पत्ता म्हणून त्यांनी माझा, म्हणजे कॉलेजचा पत्ता द्यायला सांगितला. त्यांच्या गावी टपाल पोचेलच असं नव्हतं आणि वसतिगृहाच्या पत्त्यावर असलं पाकीट यावं हे त्यांना नको होतं. मी जुन्नरच्या पोस्टातून रजिस्टर करून पावती त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती दोनदा उलटसुलट करून पाहिली आणि पिशवीत ठेवली. "आता ते वाचतील, मग ठरवतील," त्या म्हणाल्या. ठरवणारं खरं कोण असतं हे मला माहीत होतं. फळ्यावर मी ते दरवर्षी लिहीत होते. त्या दिवशी सांगायला तोंड उघडलं नाही.

त्याच वर्षी, महिन्याभरानं, अकरावीच्या वर्गात तो धडा आला. मी नेहमीसारखं बहात्तरावं कलम सांगितलं. खिडकीकडच्या दुसऱ्या बाकावर एक मुलगी बसायची. शेजारच्या गावाहून एसटीनं यायची, अक्षर सुरेख, स्वभावानं मात्र अबोल. तिनं हात वर केला.

"मॅडम, माफ करायच्या आधी, ज्यांची माणसं गेली त्यांना विचारतात का?"

असा प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता. मी म्हणाले, "तसं कलमात नाही."

"मग कुणाला विचारतात?"

"मंत्रिमंडळाला. खरं तर मंत्रिमंडळच सल्ला देतं. राष्ट्रपती तो सल्ला एकदा परत पाठवू शकतात, पुन्हा विचार करा म्हणून. पण तोच सल्ला फिरून आला की त्याप्रमाणेच वागावं लागतं."

"म्हणजे ते स्वतः काहीच ठरवत नाहीत?"

मी माझं ते ठरलेलं वाक्य म्हटलं. वर्ग हसला. ती हसली नाही, वहीतही काही उतरवलं नाही.

तास संपल्यावर मी ऑफिसात गेले आणि क्लार्कना सहज विचारलं की ही मुलगी कुणाची. त्यांनी आवाज खाली आणला. "मॅडम, तुम्हाला माहीत नाही? ती त्या मळ्यातली. मामाकडे राहायला गेली होती त्या दिवशी, म्हणून वाचली. सात वर्षांची होती. मामानंच वाढवलीय."

जीपनं नारायणगावला घरी जाताना रस्ताभर माझ्या डोक्यात एकच होतं. वसतिगृहाचं स्वयंपाकघर आणि अकरावीचा वर्ग यांच्यामध्ये एक पटांगण आहे, दुसरं काही नाही.

पुढच्याच आठवड्यात ती मुलगी स्टाफरूममध्ये आली. हातात मामानं लिहिलेलं पत्र. राष्ट्रपतींना. त्या माणसानं दयेचा अर्ज केला आहे असं पेपरात आलं होतं, तर ती दाखवू नये, असं पत्रात लिहिलं होतं.

"मॅडम, मामा म्हणाले शुद्धलेखन बघून घ्या. तुम्हाला कलमं माहितीयत, काही राहिलं असेल तर सांगा."

मी ते वाचलं. मामा शेतकरी माणूस, पत्र साधं होतं. दोन ओळी त्या मुलीच्या स्वतःच्या अक्षरात होत्या: 'माझ्या आईला, वडिलांना आणि आजीला कुणीही दया दाखवली नाही. मी रोज त्यांची वाट बघते, ते येणार नाहीत हे मला माहीत आहे, तरी बघते.' त्यात दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतं. मामाच्या मजकुरातल्या दोन-तीन वेलांट्या मी नीट केल्या. पत्र परत द्यायला हात पुढे केला आणि काही न सांगता ते देणं मला जमेना.

"बाळा, एक सांगायचंय," मी म्हणाले. "त्याच्या बहिणीचा अर्ज मी लिहून दिलाय."

ती उभी होती तशीच राहिली. मी वाट बघत होते की ती कागद ओढून घेऊन निघून जाईल. मग तिनं विचारलं, "तिनं काय लिहिलंय?"

"त्यानं केलं, असं लिहिलंय. सोडू नका, पण मारू नका, असं."

"केलं असं लिहिलंय?" तिचा आवाज बदलला. "कोर्टात तर तो शेवटपर्यंत नाहीच म्हणाला. मामा प्रत्येक तारखेला जायचे. एकदाही हो म्हणाला नाही."

मी पेनला टोपण लावलं.

"मग दोन्ही पत्रं एकाच माणसाकडे जाणार?"

"हो."

"आणि तो माणूस आमचं दोघींचंही ऐकू शकत नाही."

"ऐकू शकतात. पण एकट्याच्या मनानं ठरवू शकत नाहीत."

तिनं पत्राची घडी घातली. "थँक्यू मॅडम," म्हणाली आणि गेली. ती बारावी पास होईपर्यंत माझ्या वर्गात बसली, उत्तरंही चांगली लिहायची, पण हात पुन्हा कधी वर केला नाही. त्या दिवशी मी खरं बोलले त्यानं तिचं काय भलं झालं, हे मला आजही सांगता येत नाही. माझं ओझं तेवढं मी तिच्या डोक्यावर दिलं, असंच वाटतं.

ती मुलगी इथंच शिकते हे मावशींना सांगायचं की नाही यात मी पंधरा दिवस घालवले. तोवर त्यांना वसतिगृहातल्या मुलींच्या बोलण्यातून कळलंच होतं. एका सोमवारी स्वयंपाकघरात दुसऱ्याच बाई दिसल्या. मावशी राजीनाम्याच्या कागदावर, अंगठा नाही, वळणदार सही करून तो रेक्टरकडे देऊन गेल्या होत्या. माझ्यासाठी निरोप होता: "ती पोर रोज तिथनं जाती. तिला माजं तोंड दिसू नये."

मग वर्षं गेली. अर्जाचं काय झालं हे कळायला काही मार्गच नव्हता. कलमात सगळं आहे, किती दिवसांत ठरवायचं ते नाही. फाइल कुठल्या टेबलावर होती, कुणी वाचली, कुणी नाही, काही कळलं नाही. मावशी चार-सहा महिन्यांनी कुणाच्या तरी मोबाइलवरून फोन करायच्या. "बाई, काय आलं का?" "नाही हो मावशी." "बरं." मग त्या हिरड्याचं, भाताचं काहीतरी बोलायच्या आणि ठेवून द्यायच्या. मध्ये एकदा मी माहेरी, आणे गावी असताना त्यांचा फोन आला. पठारावर वारा इतका होता की त्यांचं बोलणं ऐकू येईना, तरी मी "नाही आलं, नाही आलं," असं ओरडत राहिले. दोन शेतं पलीकडचा माणूस वळून बघायला लागला.

पाकीट आलं तेव्हा साडेपाच वर्षं होऊन गेली होती. प्यूननं नेहमीच्या टपालाबरोबर आणून टेबलावर ठेवलं. आत दोन ओळी होत्या. अर्ज विचारात घेण्यात आला असून तो फेटाळण्यात आला आहे, एवढाच अर्थ.

फोनवर सांगायची हिंमत झाली नाही. दुसऱ्या दिवशी रजा टाकली. नारायणगावहून घोडेगाव, तिथून दुसरी जीप, ती उतरवते तिथून पाऊण तास चढ. मावशी अंगणात हिरडा वाळत घालत होत्या. मला पाहून त्यांच्या लक्षात आलंच. तरी आधी पाणी दिलं, बसायला पोतं टाकलं, आणि मग म्हणाल्या, "वाचा."

मी वाचलं.

"एवढंच?"

"एवढंच."

"का न्हाई म्हनले, ते?"

"कारण लिहिलेलं नाही, मावशी."

"मग इचारू. तुमी लिवा, आपुन इचारू."

"विचारता येत नाही. मंत्रिमंडळानं काय सल्ला दिला, हे कोर्टालासुद्धा विचारता येत नाही. चौऱ्याहत्तराव्या कलमातच तसं आहे."

मी शिकवताना हे एका दमात सांगून पुढे जायची. तिथं अंगणात बसून सांगताना प्रत्येक शब्द जड झाला. त्या माझ्याकडे बघत होत्या, रागानं नाही, खरोखर समजून घ्यायचं असल्यासारख्या.

"म्हंजी बघा," त्या म्हणाल्या, "राष्ट्रपती म्हनतील, मला मंत्र्यांनी सांगितलं. मंत्री म्हनतील, सही राष्ट्रपतीची. मग बाई, माज्या भावाला मारायचं हे ठरवलं कुनी?"

मी राज्यशास्त्राची एम.ए. आहे. या प्रश्नाचं पाठ्यपुस्तकातलं उत्तर मला येतं: ठरवणारं सरकार, सरकार लोकांनी निवडलेलं, म्हणजे लोकांनी. ते मनात आलं आणि त्याबरोबर स्वतःच्या घरी चहा पिता पिता म्हटलेलं वाक्यही आलं. मी म्हणाले, "मला नाही सांगता येत, मावशी."

त्या उठल्या आणि राहिलेला हिरडा पसरायला लागल्या. मीही उठून पसरायला लागले. दोघी बराच वेळ तेच करत होतो.

यानंतरचं मला वकिलांकडून आणि पेपरातून कळलं. फुकट मिळालेले ते वकील थांबले नव्हते. दया का नाकारली हे कोर्ट विचारू शकत नाही, पण दयेच्या अर्जावर माणसाला किती वर्षं टांगून ठेवलं हे बघू शकतं. त्या मुद्द्यावर ते हायकोर्टात गेले. फाशीला स्थगिती मिळाली, आणि आणखी दीड वर्षानं कोर्टानं शिक्षा बदलून जन्मठेप केली. इतकी वर्षं रोज मरणाच्या सावलीत बसवणं ही वेगळीच शिक्षा झाली, असा त्याचा गाभा होता. मावशींनी अर्जात मागितलं होतं तेच शेवटी मिळालं, पण दया म्हणून नाही. उशीर झाला म्हणून.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी त्या मुलीचा फोन आला. आता ती पुण्यात नोकरी करत होती. माझा नंबर तिनं कुठून मिळवला विचारलं नाही.

"मॅडम, पेपर वाचला?"

"वाचला."

"कोर्ट म्हणतंय, वाट बघायला लावली हा त्याच्यावर अन्याय झाला." ती शांतपणे बोलत होती. "मी पण तेवढीच वर्षं बघितली ना वाट? मामा तर गेले वाट बघता बघता. आमच्या पत्राला तर नाही म्हणूनसुद्धा उत्तर आलं नाही. ते कुठल्या कलमात बसतं?"

मामा वारल्याचं मला माहीत नव्हतं. मी विचारलं, "मामा कधी गेले गं?"

"गेल्या वर्षी." मग म्हणाली, "तुम्हाला दोष देत नाही मॅडम. मला तो मरायला हवा होता का, हे पण आता नक्की सांगता येत नाही. पण कुणीतरी मला बोलावून विचारायला पाहिजे होतं. मी काय म्हणाले असते कुणास ठाऊक. पण विचारायला पाहिजे होतं."

तिची बस आली म्हणून तिनं फोन ठेवला. नंबर माझ्याकडे आहे. मी अजून परत फोन केलेला नाही. रोज काहीतरी काम निघतं, असं मी स्वतःला सांगते.

गेल्या हिवाळ्यात, मी निवृत्त झाल्यावर, मावशी नारायणगावला माझ्या घरी आल्या. पहिल्यांदाच. पिशवीत शेरभर नवा तांदूळ. भावाला भेटून आल्या होत्या. मी विचारलं, "काय म्हणाला?"

"मी सांगितलं, फाशी सुटली तुजी. तर म्हनला, बरं." त्यांनी कपातला चहा ढवळला. "दुसरं काय न्हाई बोलला. लई गप झालाय. मला वळखतो, पन बगत न्हाई."

चहा झाला. त्या जायला उठत नव्हत्या. शेवटी म्हणाल्या, "बाई, अजून एक कागद लिवायचा व्हता. त्या पोरीला."

मी आतून पॅड आणलं, चष्मा लावला, तारीख टाकली. "सांगा."

त्यांनी तोंड उघडलं, मिटलं. खिडकीबाहेर टोमॅटोचे टेम्पो चालले होते, त्यांच्याकडे बघत राहिल्या. राष्ट्रपतींना काय लिहायचं हे त्या बाईंनी मला क्षणभरही न अडखळता सांगितलं होतं. आता ओठ हलायचे आणि शब्द यायचा नाही. मी दोनदा म्हणाले, "तुम्ही बोला, मी नीट करून लिहीन." एकदा त्या "माजे बाय" एवढं म्हणाल्या. मी ते लिहिलं. पुढे काही आलं नाही.

"न्हाई व्हनार," त्या म्हणाल्या. "ऱ्हाऊ द्या, बाई."

मी त्यांना जीपपर्यंत सोडायला गेले. घोडेगावची जीप भरायला वेळ होता, तोवर आम्ही तांदळाबद्दल बोललो, किती शिट्ट्या द्यायच्या, पाणी किती ठेवायचं. जीप निघाली. घरी आले तेव्हा पॅड टेबलावर तसंच होतं.